मामाचं गाव आठवतं, मामी आठवते का?

पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

त्या एकोणचाळीस वर्षांच्या आहेत, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतात. घरी नवरा, सातवीत जाणारी बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. घराचे हप्ते चालू आहेत. मे महिन्यात दोघांनाही चार-चार दिवसच रजा मिळणार आहे. सोसायटीतली बरीच कुटुंबं काश्मीर, बाली, थायलंडला निघाली आहेत आणि मुलीने परवा जेवताना विचारलं, "आई, आपण कुठेच का जात नाही?" नवऱ्याचं म्हणणं, वैयक्तिक कर्ज काढू, पाच दिवस जाऊन येऊ, वर्षभरात फेडून टाकू. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा घरात कुरडया-पापड घालू, मुलांनाही काही कळेल. या बाईंना दोन्ही नको वाटतं. त्यांच्या स्वतःच्या सुट्ट्या चिपळूणजवळच्या आजोळी गेल्या. त्या घराला आता कुलूप आहे. सख्खा भाऊ डोंबिवलीला असतो, पण त्याच्याकडे जाणं दिवाळीपुरतंच होतं. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "मला जे मिळालं त्यातलं मी माझ्या मुलांना काहीच देऊ शकत नाही. सुट्टी म्हणजे त्यांच्या हातात मोबाइल आणि माझ्या मनाला टोचणी. काय करू?"

नमस्कार ताई,

तुमच्या पत्राचा निम्मा भाग आजोळाचा आहे. विहिरीवरची आंघोळ, पडवीत ओळीने घातलेली अंथरुणं, पहाटे पडलेले रायवळ आंबे गोळा करायला धावणं, दुपारी माळ्यावर पत्ते. तुम्ही फार सुंदर लिहिलं आहे. पण मामी त्यात एकदाच येते, "मामी आम्हाला गरम घावन वाढायची" एवढ्या एका वाक्यात. मला तिथे थांबावंसं वाटलं.

कोकणातल्या घरात मे महिना सुट्टीचा नसतो, बेगमीचा असतो. पावसाआधी लाकडं आत भरायची असतात. रातांबे फोडून त्यांची सालं मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवायची, तेव्हा आमसुलं होतात. आंब्याची साठं, तळलेले गरे, फणसाचे पापड, वर्षाचं तिखट, हे सगळं त्याच चार-पाच आठवड्यांत उरकायचं. त्यात दहा-बारा भाचवंडं आणि त्यांच्या आया. तुमची आई माहेरी आलेली होती, म्हणजे ती विसावा घ्यायला आलेली होती, आणि ते योग्यच होतं. मग चुलीपुढे कोण होतं? तुमच्या आठवणीतलं सुख खरं आहे, त्यात काही खोटं नाही. पण ते ज्या बाईच्या कष्टांवर उभं होतं तिची सुट्टी कुणी मोजली नाही, आणि ती स्वतःही मोजत नव्हती.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आज तुम्ही त्या घरातल्या मुलीच्या जागी नाही. तुम्ही मामीच्या जागी आहात. वर नोकरी आहे, हप्ते आहेत, आणि मदतीला जावा-नणंदांचं भरलेलं घर नाही. त्या जागेवरून तुम्ही मुलांना एकटीने आख्खं आजोळ उभं करून द्यायला बघता आणि ते जमत नाही म्हणून स्वतःला दोष देता. ते कुणालाच जमणार नाही. तुमच्या मामीलाही एकटीने जमलं नसतं.

आता त्या आठवणींतून चिपळूण बाजूला काढून बघा. काय उरतं? बरोबरीची भावंडं होती. दुपारी तुम्ही काय करता याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि मोठ्यांच्या कामात तुम्हाला खरा वाटा होता: आंबे अढीत लावणं, साठांवरची कावळ्यांची राखण, विहिरीचं पाणी ओढणं. लुटूपुटूचं काम नव्हतं ते, तुम्ही चुकलात तर साठं खरोखर कावळ्याने नेली असती. या तिन्ही गोष्टी दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये होऊ शकतात. फक्त त्या सगळ्या तुम्ही करायच्या नाहीत.

आधी मुलीच्या प्रश्नाबद्दल. "आपण कुठेच का जात नाही" हे तुम्ही तक्रार म्हणून ऐकलंत. मला खात्री नाही की ती तक्रारच होती. बारा वर्षांच्या मुलीला जूनमध्ये मैत्रिणींना सांगायला काहीतरी हवं असतं, हा त्यातला एक भाग. दुसरा असा की घरात काही बोललं जात नाही हे तिला जाणवतं. आईबाबा कर्जाबद्दल हळू आवाजात बोलतात आणि ती आली की थांबतात. तिला विचारा, "तुला कुठे जावंसं वाटतं आणि तिथे काय करावंसं वाटतं?" उत्तरातला दुसरा भाग नीट ऐका. बर्फ बघायचा आहे, हॉटेलात राहायचं आहे, विमानात बसायचं आहे की आईबाबा दिवसभर मोबाइलशिवाय सोबत हवे आहेत, ही चार वेगळी उत्तरं आहेत आणि चारींचा खर्च वेगळा आहे. आणि तिला घराचा हप्ता किती आहे हे सांगा. या वयाच्या मुलांना आकडे झेपतात. "आपल्याला परवडत नाही" हे पडलेल्या चेहऱ्याने ऐकलं की मुलं घाबरतात. "आपण या घरासाठी दरमहा एवढे भरतो, म्हणून या वर्षी लांब जायचं नाही असं ठरवलं आहे" हे सरळ ऐकलं की त्यांना घराच्या कारभारात घेतल्यासारखं वाटतं.

सहलीसाठी वैयक्तिक कर्ज काढू नका. लांबच्या सहलीला माझा विरोध नाही. काश्मीर बघावं, जरूर बघावं. पण मे महिन्यात विमानाची तिकिटं आणि हॉटेलं फार महाग असतात, आणि त्यावर व्याज भरायचं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत या उन्हाळ्याचे हप्ते. त्याऐवजी कर्जाचा जो मासिक हप्ता बसला असता तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव जूनपासून सुरू करा. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, दर उतरलेले असताना, मुलीने निवडलेल्या जागी जा. नवऱ्याला "नाही" म्हणण्यापेक्षा हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तुमचं कामच ते आहे. त्यांनी कर्जाचा विषय काढला तो मुलांवरच्या मायेपोटी, हेही त्यांना बोलून दाखवा.

आता सासूबाईंच्या कुरडया. तुम्ही लिहिता, "मला त्या नुसत्या विचारानेच थकायला होतं." साहजिक आहे. पण त्या काय म्हणत आहेत तेही ऐकू या. एकाहत्तर वर्षांच्या बाईला या घरात स्वतःला येणारी एक गोष्ट नातवंडांना द्यायची आहे. ती नाकारू नका. तिचं प्रमाण बदला आणि माणसं बदला.

पाच किलो गहू घालायची गरज नाही, एक किलो पुरे. गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलावं लागतं. हे काम आठ वर्षांच्या मुलाचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागला की तो नाक मुरडेल आणि तरी रोज डोकावून बघेल. वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात चीक शिजवायचा. गुठळी होऊ न देता ढवळायला मनगटात ताकद लागते. हे काम तुमच्या यजमानांचं, याबद्दल घरात चर्चा नको. सोऱ्यातून कुरडई पाडणं सासूबाई मुलीला शिकवतील. पहिल्या दहा वेड्यावाकड्या होतील, त्याही वाळतील आणि तळल्यावर तितक्याच फुलतील. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तूप किंवा दूध-साखर घालून खाणं, हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात आनंदाचा भाग. तो विकत मिळत नाही.

आणि तुम्ही? तुम्ही चीक खा. त्या रविवारी तुमचं काम एवढंच. गच्चीवर वाळवण घालायला सोसायटीची परवानगी आदल्या दिवशी काढून ठेवली की झालं.

ज्यांच्या घरी गच्ची नाही किंवा कुरडया शिकवणारं कुणी नाही, त्यांनी बाल्कनीतल्या एका चादरीवर मावतील एवढ्या साबुदाणा-बटाट्याच्या पापड्या घालाव्यात. एका उन्हात वरून कोरड्या होतात, दुसऱ्या उन्हात उलटवायच्या. मुलांना स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी डब्यात भरलेलं बघायचं असतं, ते काय आहे याला फारसं महत्त्व नसतं.

पन्ह्याचंही तसंच. उकडलेल्या कैऱ्या हाताने कुस्करून कोयी वेगळ्या करायला मुलांना मनापासून आवडतं. गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, मीठ, वेलची घालून तो घट्ट गर फ्रीजमध्ये ठेवला की दुपारी मुलं आपलं आपण पाणी घालून पितात आणि आजीलाही देतात. आल्यागेल्याला पन्हं विचारणं ही सुट्टीभर मुलाची जबाबदारी करा. सरबत द्यायला लागलेलं मूल घरी आलेल्या माणसांशी बोलायलाही लागतं, हे मी अनेक घरांतून बघितलं आहे.

घरात माठ नसेल तर आणा, आणि मुलाने विचारलं की पाणी गार कसं होतं, तर सांगा: मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणूनच पुण्याच्या, नागपूरच्या कोरड्या हवेत माठ जितका गार होतो तितका मुंबईच्या दमट हवेत होत नाही. डोंबिवलीच्या मामाकडे गेल्यावर तो तुलना करून बघेल.

दुपार. तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती दुपारची आहे, कारण तुम्ही दोघं कामावर आणि मुलं मोबाइलवर. इथे दोन गोष्टी. पहिली, सासूबाईंना दिवसभराची पाळणाघराची बाई करू नका. जेवणानंतरचे दोन तास त्यांच्या झोपेचे, त्या वेळी मुलांनी हाक मारायची नाही, हे तुम्ही मुलांना त्यांच्यासमोर सांगा. दुसरी, त्या दोन तासांसाठी मुलांना कोणताही कार्यक्रम आखून देऊ नका. मोबाइल मिळणार नाही, एवढंच ठरवा. दिवसातला एक तास मोबाइलचा, तो संध्याकाळी, आणि त्या तासाव्यतिरिक्त घरातली मोठी माणसंही जेवताना फोन हातात घेणार नाहीत. पहिला आठवडा "कंटाळा आला" ऐकावं लागेल. ऐका आणि काही करू नका. कंटाळलेलं मूल आधी आईकडे येतं, तिथे काही मिळालं नाही की कपाटाकडे वळतं. जुने फोटो, बटणांचा डबा, तुटलेली टॉर्च, बाबांची क्रिकेटची वही. तुमच्या माळ्यावरच्या दुपारीही अशाच होत्या, त्या कुणी आखल्या नव्हत्या.

आजी उठल्या की पत्ते. घरात दुपारी तीनच माणसं असतात हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलं आहे. पाच-तीन-दोन तिघांचाच डाव आहे. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळी पानं आणि दोन सत्त्या, मिळून तीस, प्रत्येकाला दहा. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, बाकीच्यांनी तीन आणि दोन. कमी पडले तर पुढच्या डावात पान ओढून देणं. आठ वर्षांच्या मुलाला चार दिवसांत येतं, आणि आजीवर मात करण्याचा आनंद त्याला दुसऱ्या कशातही मिळणार नाही. संध्याकाळी तुम्ही दोघं आलात की चौघांचा मेंढीकोट.

आणि एक दिवस कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. गच्चीवर एक सरळ डबा उभा करून ठेवायचा आणि सव्वाबारापासून बघत राहायचं. इतर वाचकांसाठी: कोल्हापूरला हा दिवस ६-७ मेच्या आसपास येतो, मुंबईला १५-१६ मेला, नागपूरला २६ मेच्या सुमारास, एखाद्या दिवसाच्या फरकाने. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो तसतशी तारीख पुढे जाते. जुलै-ऑगस्टमध्ये तो परतताना पुन्हा हेच होतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांच्या वाट्याला हे दृश्य येतं ते मे महिन्यातच. बाली-काश्मीरला गेलेल्या मुलांना सांगता येईल अशी ही गोष्ट आहे: काश्मीरमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

त्याच गच्चीवर रात्री नऊला जा. उत्तरेला उंचावर सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीची वळणदार रेघ तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती, आणखी पुढे नेली की पांढरीशुभ्र चित्रा. दक्षिणेकडचं क्षितिज मोकळं असेल, तर मेच्या मध्यावर अगदी खाली, टेकडीला टेकल्यासारखा, त्रिशंकू सापडतो. मुलांना शोधू द्या, बोट दाखवू नका. पुण्याच्या रात्री अजून गच्चीवर झोपण्यासारख्या आहेत. कठडा उंच असेल आणि सोसायटीची हरकत नसेल, तर शनिवारी अंथरुणं वर न्या. सासूबाईंना जिना चढवू नका, त्यांना त्या रात्री घर एकटीला मिळू दे.

आता बाहेर पडण्याबद्दल. लहान सहलीत मी दोनच गोष्टी बघते: उन्हाआधी पोचता येतं का, आणि तिथे गेल्यावर पुन्हा पुढे जायची घाई नाही ना.

शहरातल्या शहरात, भर उन्हात जायला राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुण्यात राहून अनेकांनी ते शाळेच्या सहलीनंतर पाहिलेलंच नसतं. एका माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पेट्या, वाद्यं, स्वयंपाकाची भांडी जमवली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. सासूबाईंना सोबत न्या. तिथल्या निम्म्या वस्तू त्यांनी वापरलेल्या किंवा आपल्या आजीकडे पाहिलेल्या असतील. मुलांना पाटी वाचायला लावण्यापेक्षा आजीला विचारायला लावा. मस्तानी महालही तिथेच आहे. तो बघून झाल्यावर बाजीराव रस्त्याने परतताना मुलांना थंडगार मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, पाजा. पाच जणांत तीन ग्लास पुरतात.

एका दिवसासाठी वाई. एसटीने जा, स्वारगेटहून, शक्यतो पहिल्या गाड्यांनी. तुमच्या घराचा हिशेब बघा: तुम्हाला आणि मुलीला महिला म्हणून अर्धं तिकीट, सासूबाईंना ज्येष्ठ म्हणून अर्धं, मुलाला वयामुळे अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या यजमानांचं. पाच माणसं तीन तिकिटांत. सासूबाईंचं आधार कार्ड बरोबर असू द्या. घाटावरचा ढोल्या गणपती, मग रिक्षाने मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट आणि तिथल्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा. ती पोर्तुगीज घंटा आहे, १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी. "चर्चची घंटा इथे कशी?" हा प्रश्न मुलीला पडू दे, परतीच्या बसमध्ये उत्तर द्या. घरून दशम्या, चटणी, काकडी न्या. ऊन चढलं की देवळाच्या मंडपात बसा, झोपा, पत्ते खेळा. आलो आहोत तर पाचगणीही करू, असं कुणी म्हणेल. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत बसण्यात दिवस जातो. वाई पुरे.

पाण्याबद्दल मात्र कडक राहा. दर मे महिन्यात धरणांच्या आणि नद्यांच्या पाण्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यातली बरीचशी अशाच घरगुती सहलीला गेलेली असतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, एकदम खोल कडा असते, धरणातून पाणी सुटलं की पातळी चढते. पायऱ्यांवर बसून पाय बुडवणं एवढंच, तेही मोठं माणूस एक पायरी खाली उभं असेल तेव्हा. या कारणासाठीच, शिबिरावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते पोहण्याच्या शिकवणीवर करा. महापालिकेच्या तलावात महिनाभर जाणं हे बहुतेक उन्हाळी शिबिरांपेक्षा स्वस्त पडतं, आणि मुलं जूनमध्ये काहीतरी नवीन येणारी म्हणून शाळेत जातात. बाकी शिबिरांबद्दल तुम्ही विचारलं होतं. मुलांनी स्वतः मागितलं तर एक, नाहीतर नाही.

किनाऱ्याजवळच्या वाचकांसाठीही एक सांगते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि मुलांना समुद्राच्या तळावरून चालण्याएवढं अद्भुत काही नसतं. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी साधारण नऊला. मुलांकडून हे गणित आदल्या रात्री करून घ्या. पण पाण्यात उतरायचं ते स्थानिक माणसाला विचारूनच, आणि परतायची वेळ त्यानेच सांगितलेली पाळायची.

मेअखेरीला काजवे बघायला जायचा विचार तुम्ही लिहिला आहे. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी इथे पहिल्या पावसाआधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत झाडं खरोखर लखलखतात. तो उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते, आणि गाड्यांच्या दिव्यांनी, मोबाइलच्या टॉर्चने ती हाक पुसली जाते. शनिवार-रविवारच्या गर्दीत जाऊन आपण त्यात भर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या वारी, गावातल्या घरी मुक्काम करून, टॉर्च न लावता जाता येत असेल तरच जा. बाटलीत काजवा धरणं तर नाहीच.

रजेचं गणित जरा बदला. दोघांच्या चार-चार रजा एकाच वेळी घेतल्या तर मुलांना चार दिवस मिळतात. दोन दिवस एकत्र घ्या, शनिवार-रविवारला जोडून, म्हणजे सलग चार दिवस होतात, त्यात एखादा मुक्काम बसतो. उरलेल्या दोन-दोन रजा वेगवेगळ्या आठवड्यांत. मग मुलांच्या वाट्याला कामाच्या वारचे सहा दिवस येतात, आणि त्यातले दोन बाबांचे एकट्याचे. त्या दोन दिवसांत बाबांनी काय करायचं हे तुम्ही सुचवू नका. डबाही करून देऊ नका.

आणि एका रविवारी ते तिघं बाहेर, सासूबाई त्यांच्या मैत्रिणीकडे किंवा लेकीकडे, आणि घरात तुम्ही एकट्या. तुमच्या पत्रात "मला उन्हाळ्यात काय आवडतं" हे आजोळच्या आठवणींतच आलं आहे, वर्तमानकाळात एकदाही नाही. त्या दिवशी आंबा एकटीने, उभं राहून, ओट्यापाशी खा. झोपा. कपाट आवरायला घेऊ नका.

शेवटी डोंबिवली. तुमच्या मुलांचं मामाचं गाव तेच आहे. तिथे विहीर नाही, आंब्याची झाडं नाहीत, पण दोन मामेभावंडं आहेत, आणि आजोळातलं जे तुम्हाला सगळ्यात जास्त आठवतं ती भावंडंच आहेत. चार दिवस तुमच्या मुलांनी तिकडे जावं, चार दिवस त्यांच्या मुलांनी तुमच्याकडे यावं. फक्त मुलंच. पुण्याहून कल्याणला थांबणारी गाडी, पुढे लोकल, आणि ती लोकल हीच तुमच्या मुलाला सहल वाटेल. जाताना मुलांना बजावून पाठवा: अंथरुणं स्वतः घालायची, ताटं स्वतः घासायची, सकाळचा चहा मामीला आपण करून द्यायचा. भावंडं तुमच्याकडे आली की त्यांनाही तोच नियम.

तुमच्या वहिनीही नोकरी करतात असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणून फोन भावाला करू नका, वहिनींना करा. तारखा ठरवून मग कळवू नका. आधी विचारा, "तुला किती दिवस झेपेल?" आणि त्या दोन म्हणाल्या तर दोनच दिवस पाठवा.